विमानखोलीतला भोंगा

डिंडोली, सुरत
३ जुलै २०२३

आदरणीय कॅप्टन मुकुंद कारखानीस यांना सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी लिहिण्याचं धाडस करते आहे. मी वर्षा देवरे. सुरतेत महानगरपालिकेच्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चौथी आणि पाचवी माझ्याकडे आहे. आमची मुलं लूमवर, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये किंवा बांधकामावर राबणाऱ्यांची. बहुतेक घरं खानदेशातली.

गेल्या महिन्यात एका ट्रस्टने शाळेला फ्लाइट सिम्युलेटर दिला. मोठा पडदा, संगणक, विमानात असतं तसं हँडल आणि पायाखाली दोन पेडल. विज्ञान शिकवण्यासाठी, असं त्यांच्या पत्रात आहे. आमच्या आचार्या, म्हणजे मुख्याध्यापिका, शकुंतलाबेन यांनी मोडके बाक ठेवायची खोली रिकामी करून दिली आणि जबाबदारी माझ्यावर टाकली. मुलांनी त्या खोलीचं नाव ठेवलं विमानखोली.

पहिल्या दिवशी बेचाळीस मुलांनी एका तासात बेचाळीस वेळा विमान पाडलं. प्रत्येक वेळी टाळ्या. मला ते बघवेना. विज्ञान बाजूला राहिलं आणि खेळ झाला.

विमान का उडतं हे मी वाचलं आहे, पण नऊ वर्षांच्या मुलाला सांगायला गेले की अडते. तुमचा पत्ता तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वहीत मिळाला. त्या वहीत जागोजागी 'कारखानीस सर म्हणतात' असं लिहिलेलं आहे. म्हणून वाटलं, तुम्हालाच विचारावं. कुठून सुरुवात करू?

आपली,
वर्षा देवरे


मिरज
१४ जुलै २०२३

सौ. वर्षाताई यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र हातात आलं तेव्हा वाटलं, पोस्टमन चुकला असेल. सात वर्षांत विमानाविषयी मला कुणी काही विचारलेलं नाही. तुम्ही फोन नंबर दिला आहे, पण माझे कान गेले आहेत. समोरच्याचे ओठ दिसले तर निम्मं समजतं. तेव्हा पत्रच लिहा, अक्षर जरा मोठं काढा.

आता कामाचं. पहिले दोन आठवडे पडदा बंद ठेवा. एक टेबल फॅन आणि वहीएवढा पुठ्ठा घ्या. एकेका मुलाने पुठ्ठा दोन्ही हातांनी वाऱ्यात आडवा धरायचा आणि पुढची कड अगदी थोडी उचलायची. पुठ्ठा वर जाऊ पाहतो. हे हाताला कळलं पाहिजे, फळ्यावर लिहून कळत नाही. मग कड आणखी उचलायला सांगा. एका ठरावीक तिरकेपणानंतर पुठ्ठा थरथरतो आणि वर जायचं सोडून मागे लोटला जातो. तो थरथराट प्रत्येकाने अनुभवायचा. मग सांगा की हा पुठ्ठा म्हणजे पंख.

विमानावर चार जोर असतात. एक वर नेतो, एक खाली, एक पुढे आणि एक मागे खेचतो. त्यांची पुस्तकी नावं नकोत, मुलांना ठेवू द्या. स्वतः ठेवलेलं नाव माणूस विसरत नाही.

तुमचं काम फार चांगलं आहे. आमच्या वेळी असं काही असतं तर!

आपला,
मुकुंद कारखानीस

ता. क. वही कुणाची ते कळवाल का? शेकड्याने मुलं शिकवली, आता कुणी दोन ओळी लिहीत नाही.


डिंडोली, सुरत
२ ऑगस्ट २०२३

आदरणीय कारखानीस सर,

पंख्याने कमाल केली. चार जोरांची नावं मुलांनी ठेवली ती अशी: उचल, वजन, रेटा आणि ओढ. पूजा सोनवणे नावाची चौथीतली मुलगी आहे. तिची आई घरी साड्यांना टिकल्या लावते. पूजाने साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याला पुढे गोल आणि मागे निमुळता आकार दिला आणि म्हणाली, "बेन, हा जास्त उचलतो." मी काहीही सांगितलं नव्हतं. (इथे शिक्षिकेला बेनच म्हणतात.)

आता पडदा सुरू केला आहे. पूजा विमानतळावरून उडते आणि तापीच्या काठाने विमान सरळ आणते. हात हलत नाही तिचा. वेग फार कमी झाला की संगणकातून भोंगा वाजतो. मी सांगितलं, याला स्टॉल म्हणतात. लगेच एकाने विचारलं, "लोच्याचा स्टॉल?" (लोचो हा इथला गाडीवर मिळणारा नाश्ता.) सगळा वर्ग हसला.

पण मला तो नीट समजवता आला नाही. स्टॉल म्हणजे नेमकं काय होतं? आणि उतरायच्या आधीच्या शेवटच्या वळणावरच विमानं जास्त का पडतात? त्या वहीत या विषयाच्या पानावर नुसती आकृती आहे, खाली काही लिहायचं राहून गेलं आहे.

वहीवाल्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन. तो आता विमान चालवत नाही.

आपली,
वर्षा देवरे


मिरज
१२ ऑगस्ट २०२३

सौ. वर्षाताई यांस,

पूजाला माझा आशीर्वाद. तिने शोधलं ते शोधायला माणसाला शेकडो वर्षं लागली.

स्टॉल म्हणजे पंखाने काम सोडणं. इंजिन चालू असतं, पंखा फिरत असतो, पण विमानाचं नाक इतकं वर झालेलं असतं की हवा पंखाला धरून वाहत नाही. तुमच्या पुठ्ठ्याचा थरथराट तोच. अशा वेळी जमीन जवळ दिसते म्हणून माणूस घाबरतो आणि नाक आणखी वर ओढतो. वाचायचं असेल तर उलट करावं लागतं. जमीन समोर असताना नाक खाली ढकलायचं. पंखाला हवा मिळाली की मग सावकाश वर. हे डोक्याला एका मिनिटात पटतं, हाताला पटायला महिने जातात.

शेवटच्या वळणाचा धडा या वयाला नको. सरळ उडणं, चढणं, उतरणं पुष्कळ झालं. त्याबद्दल मी अधिक लिहू इच्छीत नाही, क्षमा करा.

एक नियम मात्र कडक पाळा. मूल विमान चालवत असताना मागून कुणीही ओरडायचं नाही. वळव, ओढ, सोड, काही नाही. शिकणारा माणूस मागच्या आवाजावर विश्वास ठेवतो, हातातल्या विमानावर ठेवत नाही.

मला घरात कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. सूनबाई दारात उभी राहून हाक मारते, तीही नाही. पण तुम्ही लिहिलात तो भोंगा ऐकू येतो. दाढी करताना, देवपूजेला बसलो की. डॉक्टर म्हणाले, कान गेलेल्यांना असे आवाज येतात.

त्या वहीवाल्या विद्यार्थ्याने विमान सोडलं हे वाचून वाईट वाटलं. नोकरी मिळाली नसेल, पुष्कळांचं तसंच होतं. त्याला म्हणावं, वही जपून ठेव.

आपला,
मुकुंद कारखानीस


डिंडोली, सुरत
१ सप्टेंबर २०२३

कॅप्टन कारखानीस,

या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या, त्या लिहिते.

मुलांना भोंग्याचा नाद लागला आहे. मधल्या सुट्टीत हात पसरून मैदानात पळतात आणि तोंडाने भोंगा वाजवतात. एक सुरू झाला की साठ-सत्तर मुलं. सोमवारी माझे वडील माझ्या मुलीला न्यायला फाटकाशी आले होते. भिकन शिसोदे त्यांचं नाव. आम्ही त्यांना आबा म्हणतो. तीस वर्षं लूमवर काढली, आवाजाला घाबरणारे नाहीत. त्यांनी एका मुलाला विचारलं, "हे काय करता रे?" तो म्हणाला, "विमान पडायच्या आधी असं वाजतं, बाबा." आबा तिथेच नळाच्या ओट्यावर बसले. मी गेले तर म्हणाले, "कुणी शिकवलं यांना?" मी म्हटलं, मी.

बुधवारी पूजा विमान उतरवत होती. तुम्ही नको म्हणालात तरी मी तिला शेवटचं वळण घेऊ दिलं. धावपट्टी तिच्या उजवीकडे सरकायला लागली. नियम सांगितलेला होता, पण एक मुलगा मागून ओरडला, "वळव, वळव!" मग दुसरा. पूजाने हँडल फिरवून पोटाशी ओढलं. भोंगा वाजला, पडद्यावर जमीन गरगर फिरली आणि पडदा लाल झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पूजा माझ्याकडे वळून म्हणाली, "बेन, माझी चूक का?"

मी पडदा बंद केला. चूक हाच शब्द सात वर्षांपूर्वी मी आबांना वाचून दाखवला होता. चौकशीचा अहवाल इंग्रजीत होता. शेवटच्या ओळीचं मराठी करून मी सांगितलं, वैमानिकाची चूक. आबांनी परत विचारलं, "चूक म्हणजे आपल्या वैभवची?" मी हो म्हटलं. तेव्हापासून त्यांनी घरात त्याचं नाव घेतलेलं नाही. डोक्यावरून विमान गेलं तर मान खाली घालतात.

तुम्ही लिहिलंत, त्याला म्हणावं वही जपून ठेव. वही मीच जपली आहे. वैभव भिकन शिसोदे. तुमच्या फ्लाइंग क्लबची सोनटेकडीची धावपट्टी, ११ मार्च २०१६, सकाळी नऊ चाळीस. वीस वर्षांचा होता. मी त्याची मोठी बहीण.

मुलांसाठी लिहिते असं म्हणाले, ते अर्धंच खरं होतं.

मागून ओरडू नका, असं तुम्ही लिहिता. त्या दिवशी त्याच्या मागे कोण ओरडलं?

वर्षा


डिंडोली, सुरत
९ ऑक्टोबर २०२३

कॅप्टन कारखानीस,

गणपती येऊन गेले. तुमचं उत्तर नाही. माझं पत्र मिळाल्याची पोस्टाची पोच माझ्याकडे आहे.

विमानखोलीला मी कुलूप लावलं. शकुंतलाबेनना सांगितलं, मशीन बिघडलं आहे. मुलं रोज विचारतात.

शनिवारी शाळा सुटल्यावर वह्या तपासत बसले होते. बंद खोलीतून भोंगा ऐकू आला. मैदानात कुणी नव्हतं. मी कुलूप काढून आत गेले. संगणकाची वायर भिंतीतून काढलेली होती. मीच काढली होती.

तुम्हाला ऐकू येतो, तो आता मलाही येतो. उत्तर द्या.

वर्षा


मिरज
२० ऑक्टोबर २०२३

वर्षाताई,

तुमचं पत्र सात आठवडे उशाखाली होतं. चार वेळा लिहायला बसलो आणि चार वेळा खोटं लिहिलं, म्हणून फाडलं.

मी ओरडलो.

धावपट्टीच्या कडेला आमची रेडिओची खोली होती. वैभव एकटा उडत होता, त्याची सातवी एकट्याची फेरी. आणखी दोन मुलं खाली थांबली होती आणि वारा वाढत होता. वारा वाढायच्या आत त्यांच्याही फेऱ्या उरकाव्यात अशी मला घाई होती. शेवटच्या वळणाला वाऱ्याने त्याला पलीकडे ढकललं, धावपट्टी हुकत होती. त्यात काही विशेष नव्हतं. अशा वेळी शिकवणाऱ्याने एकच सांगायचं असतं, इंजिन वाढव, वर जा, पुन्हा फेरी मार. त्याला ते येत होतं. मला वाटतं, तो तेच करणार होता, कारण विमानाचं नाक सरळ व्हायला लागलं होतं. मी रेडिओवर म्हणालो, "वळण आवळ. आणखी आवळ." आवाज चढवून.

त्याने उत्तर द्यायला बटण दाबलं. म्हणाला, "हो सर, वळतोय." त्याच्या आवाजामागे भोंगा वाजत होता. तो मी ऐकला. दोनेक सेकंद होते. नाक खाली, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. माझ्या तोंडून आले नाहीत.

तिथे बोलणं टेपवर होत नसे. खोलीत मी एकटा होतो. निवेदनात मी लिहिलं, विद्यार्थ्याने स्वतःहून वळण आवळलं. 'स्वतःहून' हा शब्द माझा. त्याच शब्दावरून चौकशीवाल्यांनी शेवटची ओळ लिहिली.

का लिहिलं, याची कारणं सात वर्षं स्वतःला सांगतो आहे. तुम्हाला सांगण्यासारखं त्यांत एकही नाही.

मुकुंद कारखानीस


डिंडोली, सुरत
४ नोव्हेंबर २०२३

कॅप्टन कारखानीस,

तुमचं पत्र मी शाळेच्या जिन्यात उभ्याने वाचलं. मग पाचवीचा भूगोल घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

सात वर्षं मी वैभववर रागावले होते. आई त्याच्यामागे दीड वर्षात गेली, त्याचाही राग त्याच्यावरच काढला. वाटायचं, एवढं शिकवलं होतं, वहीत एवढं लिहिलं होतं, तरी याने ऐकलं नाही. आणि तो ऐकतच होता.

आबांना मी काही सांगितलेलं नाही. ते मी सांगणार नाही. चूक हा शब्द त्यांना मी वाचून दाखवला होता, आता तो परत घ्यायला तुम्ही या. पत्र नको, समोर. दिवाळीनंतरचा रविवार बघा. शाळेला सुट्टी असते.

आणि 'स्वतःहून' हा शब्द जिथे लिहिलात, तिथेही कळवा.

वर्षा


मिरज
१५ नोव्हेंबर २०२३

वर्षाताई,

३ डिसेंबरच्या रविवारी सकाळी पोचतो. दिल्लीच्या विमान खात्याला काल रजिस्टर्ड पोस्टाने नवं निवेदन पाठवलं. प्रत सोबत.

मुलाला सगळं सांगितलं. त्याला पहिल्यांदाच कळलं. तो सोबत येतो म्हणत होता, मी नको म्हटलं.

मुकुंद कारखानीस


डिंडोली, सुरत
१० डिसेंबर २०२३

कारखानीस सर,

तुम्ही पोचल्याचं कार्ड मिळालं. त्या दिवशी आमच्याकडे जे झालं त्यातलं निम्मं तुम्हाला ऐकू आलं नाही. आबा अहिराणीत बोलत होते आणि ओठ हलू न देता. मी मुद्दामच मध्ये पडले नाही. वाटलं, राहू दे यांना न ऐकता. आठवडाभर तेच मनाला लागलं आहे, म्हणून लिहिते.

तुम्ही सांगत होतात तेव्हा आबा तुमच्याकडे न बघता तुमच्या चपलांकडे बघत होते. तुमचं संपल्यावर ते म्हणाले, "माले दखाड." मला दाखव. ते मी तुम्हाला सांगितलं आणि आपण शाळेत गेलो.

विमानखोलीत तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवलंत आणि विमान त्या वळणापर्यंत आणून दिलंत. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. लूममध्ये त्यांची दोन बोटं अर्धी गेलेली आहेत, ती तुम्ही पाहिलीत. तुम्ही मागे उभे राहून म्हणालात, "वळण आवळा. आणखी." आबांनी आवळलं. भोंगा वाजला. जमीन फिरली. ते डोळे न मिटता शेवटपर्यंत बघत राहिले.

मग त्यांनी तीनदा विचारलं, "किती टाइम?" म्हणजे, त्याला किती वेळ कळत होतं. तुम्ही प्रत्येक वेळी मान हलवून हो म्हणालात. तुम्हाला वाटलं, ते 'पुरे का?' असं विचारताहेत. ते उत्तर मला ठाऊक आहे, पडद्यावर आकडा दिसत होता. भोंग्यापासून जमिनीपर्यंत पाच सेकंद. मी त्यांना घरी येऊन सांगितलं.

खुर्चीतून उठताना ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मन्हा पोऱ्यानी आयकं. त्यानी चूक नव्हती." माझ्या मुलाने सांगितलेलं ऐकलं. त्याची चूक नव्हती. तुम्ही तेव्हा हात जोडून उभे होतात. त्यांनी ते बघितलं, पण जवळ आले नाहीत.

घरी परतल्यावर मी तुम्हाला जेवायला वाढलं. तुम्ही माझे आभार मानलेत. मी तुम्हाला पाणीसुद्धा देणार नव्हते. आबा म्हणाले होते, "लांबून आलाय, त्याला वाढ." तुम्ही जेवत होतात तोवर ते खाली जिन्यात बसून होते. रिक्षा गेल्यावर वर आले.

मंगळवारी मी विमानखोली उघडली. पूजाला सगळ्या वर्गासमोर सांगितलं, त्या दिवशी चूक तिची नव्हती, मागच्यांची होती आणि त्याआधी माझी. आता आम्ही तुम्ही लिहिलेलं शिकतो आहोत. धावपट्टी हुकली तर इंजिन वाढवायचं, वर जायचं, पुन्हा फेरी. मुलांना उतरण्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

तुम्हाला माफ केलं असं लिहिता येत नाही. तुम्ही आलात, एवढं लिहू शकते.

वर्षा


डिंडोली, सुरत
२१ जानेवारी २०२४

कारखानीस साहेब,

आबा सांगताहेत, मी लिहिते आहे. अहिराणीचं मराठी केलं आहे, बाकी शब्द त्यांचे. वर्षा.

साहेब, मी भिकन शिसोदे. मला लिहिता येत नाही.

तुम्ही येऊन गेल्यापासून वैभव येतो. आधी सात वर्षं एकदाही आला नव्हता. त्याची आई जायच्या आधी म्हणायची, माझ्याकडे येतो, तुमच्याकडे येत नाही का? मी म्हणायचो, नाही. मला वाटायचं, चूक करून गेला म्हणून तोंड दाखवत नसेल. आता वाटतं, बाप चूक म्हणतो म्हणून येत नव्हता.

मी तीस वर्षं रात्रपाळी केली, मला अजून दुपारीच झोप लागते. डोळा लागला की तो येतो. दारातून येतो, चप्पल काढतो, माझ्यासमोर मांडी घालून बसतो. बोलत नाही. ताटाकडे बघतो. मी विचारतो, जेवलास का रे? तो माझ्याकडे बघतो आणि उत्तर देत नाही. मग मला जाग येते. रोज. वर्षा म्हणते, डॉक्टरकडे जाऊ. मला डॉक्टर नको. तो येतो ते मला हवं आहे. पण त्याला उपाशी बघवत नाही.

साहेब, माझा मुलगा तुमच्याकडे दीड वर्ष राहिला. तो काय खायचा, कुणाबरोबर जेवायचा, मी कधी विचारलं नाही. फोनवर म्हणायचो, नीट शीक. तो म्हणायचा, हो आबा.

तुम्ही परत येऊ नका. मला तुमचं तोंड बघायचं नाही, हे रागाने सांगत नाही. पण एक गोष्ट तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नाही. त्या दिवशी सकाळी तो काही खाऊन गेला होता का? आठवत असेल ते लिहा. आठवत नसेल तर तसं लिहा. बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

भिकन शिसोदे


मिरज
१ फेब्रुवारी २०२४

श्री. भिकनभाऊ यांना नमस्कार.

वर्षाताईंनी हे वाचून दाखवावं. दिल्लीचं उत्तर आलं आहे, तेही सोबत जोडतो. लिहितात, तपासाची फाइल बंद झालेली आहे आणि ती उघडता येणार नाही, माझं निवेदन नोंदीला जोडलं आहे. म्हणजे शेवटची ओळ तशीच राहील आणि तिच्या मागे माझा कागद राहील. मी पुन्हा अर्ज केला आहे.

आता तुम्ही विचारलंत त्याबद्दल. मला आठवतं. त्या दिवसातलं सगळं आठवतं. बरं वाटावं म्हणून एक शब्द घालत नाही.

उडायच्या आधी आम्ही सगळे क्लबच्या पडवीत खायचो. मोठ्या टेबलाशी मुलं बसत, कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी मी. बाकीची मुलं मला भिऊन लांब बसायची. वैभव आपली बशी घेऊन माझ्यासमोर येऊन बसायचा. पहिल्या महिन्यापासून. मी कधी बोलावलं नव्हतं आणि कधी ऊठ म्हटलं नाही.

त्या दिवशी पोहे होते. सव्वासात वाजले होते. त्याने पोह्यांच्या दोन बश्या खाल्ल्या आणि चहा दोनदा घेतला. भूक चांगली होती. तो उपाशी गेला नाही, भिकनभाऊ. हे त्याला सांगा.

खाताना तो पोह्यांतले शेंगदाणे वेचून माझ्या बशीच्या कडेला ठेवत होता. मी विचारलं, "का रे, आवडत नाहीत?" तो म्हणाला, "आवडतात सर. पण तुम्हाला जास्त आवडतात."

मी ते सगळे खाल्ले.

मुकुंद कारखानीस